पहिला घास कुणाच्या हातचा

विमान मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते एका कुत्र्याच्या पिल्लापायी. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी तेव्हा भोरच्या हायस्कुलात मास्तर होतो. बी.ए. होऊन दुसरंच वर्ष चाललं होतं. वेल्ह्याच्या वर डोंगरात आमचा धनगरवाडा आहे. म्हशी, शेळ्या, आठ-दहा घरं. तिथला पहिला शिकलेला मीच. बी.ए. म्हणजे काय हे वाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते झाल्यावर माणसाला चष्मा लागतो, एवढं माझ्या आईला कळलं होतं.

मी शिकलो तो वकीलकाकांच्या घरी राहून. काका भोरमध्ये वकिली करत. वेल्ह्याच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांना चिठ्ठी लिहिली होती, की धनगराचं एक पोर आहे, त्याला गणित चांगलं येतं. त्या चिठ्ठीवर काकांनी मला ठेवून घेतलं. मी अकरा वर्षांचा होतो. आधी मी मागच्या पडवीत जेवत असे. दोन-तीन वर्षांत कधीतरी माझं ताट आत आलं. ते कुणी आणलं आणि कधी, हे मला नेमकं आठवत नाही. काकूंनी गाजावाजा करून कधी काही केलं नाही. पुढे पुण्याच्या कॉलेजचा माझा खर्चही याच घरानं केला.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी काकू गेल्या. त्यानंतर काका बोलेनासे झाले. आजारी नव्हते, रडत नव्हते, कुणावर रागावतही नव्हते. सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत येऊन बसत आणि दुपारी तिथून उठत. वकिली सोडली, नदीवर फिरायला जाणं सोडलं. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊन बसत असे. मी बोलायचो, ते "हं" म्हणायचे. इतकी वर्षं या घराचं खाल्लं आणि आता या माणसाला चार शब्द बोलतं करणं मला जमत नाही, ही बोच घेऊन मी रोज खोलीवर परत येई.

काकांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन कराचीला होती. तिनं एका पत्रात लिहिलं की आमच्या शेजारी एक म्हातारी मडम आहे, ती विलायती जातीची लहान कुत्री पाळते आणि पिल्लं लांब लांबच्या लोकांना पाठवते. तुमच्यासाठी एक पाठवू का? मी पत्र वाचून दाखवलं आणि नेहमीसारखं "हं" येईल म्हणून थांबलो. काका म्हणाले, "केवढं असतं?"

त्या दोन शब्दांनी मला किती आनंद झाला ते सांगता यायचं नाही.

मग तीन महिने पत्रं चालली. काका सांगत, मी इंग्रजीत लिही. काकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, पण त्यांना लेखणी धरायची नव्हती. पिल्लाला ऊन सोसतं का, मुलांना चावतं का, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालतं का, असले प्रश्न ते विचारत. मडमेची उत्तरं लांबलचक असत. रेल्वेनं पाठवलं तर दिवस फार लागतील, पिल्लू दमेल, म्हणून ती टपालाच्या विमानातून पाठवणार होती. विमानवाल्यांशी तिची ओळख होती. शेवटच्या पत्रात तिनं खाण्याचं सगळं लिहिलं होतं. उकळून पातळ केलेलं दूध, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. उपाशी ठेवू नये, एवढ्या लहान जिवाला ते सोसत नाही. हे पत्र मीच काकांना वाचून दाखवलं. अर्थ मीच मराठीत सांगितला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे जे झालं ते अज्ञानानं झालं असं कुणाला वाटू नये.

पावसाळ्यात मुंबईच्या मैदानात चिखल होई, म्हणून त्या महिन्यांत टपालाचं विमान पुण्याला, येरवड्याच्या माळावर उतरत असे. भाद्रपद लागला होता. पिल्लू आणायला जायचं मी आपणहून मागून घेतलं. काका ओट्याच्या पायरीपर्यंत मला पोचवायला आले आणि म्हणाले, "नीट आण हो." वर्षभरात ते पहिल्यांदाच खुर्चीतून उठून पायरीपर्यंत आले होते.

आता आमच्या वाड्यावरचा एक रिवाज सांगायला हवा. डोंगरात वाघरू फार. कुत्र्यावाचून शेळी राखता येत नाही. त्यामुळे पिल्लू दुसऱ्या वाड्यावरून आणायचं असलं, की ते उपाशी आणायचं. वाटेत कुणी त्याच्या तोंडाला काही लावायचं नाही. घरी पोचल्यावर ज्याचं कुत्रं व्हायचं त्यानं नाचणीच्या भाकरीचा तुकडा आपल्या तळहाताच्या घामात चोळायचा आणि स्वतःच्या हातानं भरवायचा. मग ते कुत्रं जन्मभर त्याचं. मरेल पण दुसऱ्याच्या मागे जाणार नाही. माझा बा म्हणायचा, "वाटेत खाल्लेलं कुत्रं वाटेचं व्हतं." मी लहानपणी दोनदा बाबरोबर पिल्लू आणायला गेलो होतो. पिल्लू कांबळ्यात कुंईकुंई करत असे आणि मला दया येई, पण बा ढळत नसे.

मी पुण्याला पोचलो त्या दिवशी विमान आलंच नाही. अहमदाबादला ढग खाली आले म्हणून ते रात्रभर तिकडेच थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी माळावर भिजत उभा असताना, ते आलं. एवढंसं होतं. मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. लोक त्याच्याकडे बघत होते आणि मी त्याच्या दाराकडे. टपालाच्या थैल्या उतरल्या आणि मग एक गृहस्थ वेताची पेटी घेऊन माझ्याकडे आले. पेटीला एक कापडी पिशवी बांधलेली होती. आत पातळ बिस्किटं होती आणि दुधाच्या भुकटीचा लहान डबा.

पेटीच्या फटीतून एक काळं ओलं नाक बाहेर आलं होतं. मी झाकण उघडलं. पांढरं पिल्लू, एका कानावर आणि पाठीवर तपकिरी डाग. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं.

मी त्या गृहस्थांना विचारलं, "वाटेत याला कुणी काही खायला दिलं का हो?"

ते ओशाळले. म्हणाले, "अहमदाबादला पाणी पाजलं. खाण्याचं राहिलंच बघा. आम्हाला टपालाच्या थैल्यांची सवय. थैल्यांना भूक लागत नाही."

मला बरं वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं. म्हणजे अजून याला कुणाच्या हातचं लागलेलं नाही. पहिला घास काकांच्या हातचा होईल. हे कुत्रं काकांचं होईल, जन्मभर काकांना सोडणार नाही. त्या घरासाठी मी आजवर काहीच करू शकलो नव्हतो. निदान हे तरी अगदी पुरतं, जसं करायला हवं तसं करायचं. पेटीची पिशवी सोडून मी माझ्या थैलीत तळाशी टाकली.

तीनच्या सुमाराला भोरची सर्व्हिस मोटार मिळाली. पिल्लू पेटीत थरथरायला लागलं म्हणून मी ते कोटाच्या आत, छातीशी घेतलं. कात्रजच्या घाटात ते माझ्या बोटाला चोखत होतं. मी बोट काढून घेतलं. ते पुन्हा शोधत आलं, मी पुन्हा काढून घेतलं. शेजारी बसलेल्या माणसानं पावाचा तुकडा पुढे केला, तर मी त्याला नको म्हणालो. शिवापूर मागे पडल्यावर ते शांत झालं. मला वाटलं, झोपलं.

कापूरहोळला मोटार थांबली. भोरचा रस्ता तिथून फुटतो. त्या रस्त्यावरच्या ओढ्याला पाणी आलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा मंडळी. पाणी उतरंल तवा जाऊ. घाई आसंल त्यानं पवत जावं."

फाट्यावर एका बाईचं चहाचं छप्पर होतं. बाई पन्नाशीची असेल. मागे एक शेळी बांधलेली होती. मी बाकावर टेकलो. कोटात काहीतरी हललं तेव्हा तिनं विचारलं, "काय हाय मास्तर कोटात? कोंबडं?"

"कुत्र्याचं पिल्लू आहे."

"कुठनं आनलं?"

"कराचीहून. विमानातून आलं."

"इमानातनं!" तिनं चहाची किटली खालीच ठेवली. "आमी मानसं चिखल तुडवत बाजाराला आन् कुत्री इमानातनं. बगू तरी कसलं राजाचं लेकरू हाय."

मी कोट उघडला. पिल्लू डोळे मिटून पडलं होतं. मान एका बाजूला लवंडली होती. बाईनं ते उचललं, तोंडात बोट घालून हिरड्या पाहिल्या, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"ह्याला खाया काय घातलं?"

"काही नाही."

"सकाळधरनं?"

"कालपासून. परवापासूनही असेल."

"का? पैसं न्हवतं?"

मी तिला समजावून सांगितलं. पहिला घास मालकाच्या हातचा, मग ते त्याचं होतं, वगैरे. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आमच्यातबी हाय. माजा बाप करायचा. पर ह्या वाड्यावरनं त्या वाड्यावर, सकाळी निघायचं आन् दिस बुडायच्या आत पोचायचं, तेवड्यापुरतं हाय त्ये. तुमी कराचीपत्तूर ताणलं! मास्तर, मेलेलं कुत्रं कुनाचं व्हतंय वो?"

ती शेळीकडे गेली, वाटीभर दूध काढलं, त्यात ऊन पाणी घातलं आणि गुळाचा खडा विरघळवला. लुगड्याच्या चिंधीची वात करून तिनं पिल्लाच्या ओठाशी धरली. पिल्लानं चोखलं नाही. दूध ओघळून तिच्या मनगटावरून खाली गेलं. तिनं पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"माज्या हाताचं घेईना," ती म्हणाली. "दुपारधरनं तुमच्या उराशी हाय, तुमचा वास लागलाय त्याला. तुमी द्या."

"मी दिलं तर..."

"तर काय? तुमचं हुईल? हू द्या की! जगू तर द्या. शिकून शिकून मानूस यवडं येडं व्हतंय व्हय?"

मी करंगळी दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडात घातली. जीभ गार होती. मी वाट पाहिली. मोटारीतली दोघं-तिघं माणसं भोवती येऊन उभी राहिली होती. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येत नव्हतं, ओट्याच्या पायरीवर उभे असलेले काका येत होते. मी रिकामी पेटी घेऊन जाईन, ते "हं" म्हणतील आणि खुर्चीत जाऊन बसतील. आणि ती गोष्ट माझ्या हातून झालेली असेल.

किती वेळ गेला कोण जाणे. मग करंगळीवर काहीतरी अगदी बारीक ओढलं गेलं. पुन्हा ओढलं गेलं. "लागलं," बाई म्हणाली आणि उठून किटलीकडे गेली, जणू तिचं काम संपलं होतं.

दिवेलागणीला पाणी उतरलं आणि आम्ही भोरला पोचलो. तोवर पिल्लानं माझ्या बोटावरून तीनदा दूध घेतलं होतं आणि माझा कोट एकदा भिजवला होता. काका ओट्यावर उभे होते. त्यांनी गड्याकडून दूध तयार करून घेतलं होतं, चांदीच्या वाटीत. मी पिल्लू कोटातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते लटपटत उभं राहिलं, वाटीचा वास घेतला, मग वळून माझ्या पायाशी आलं आणि कोटाच्या टोकाला तोंड लावून बसलं.

मी सगळं सांगून टाकलं. लपवायचं मनात आलं होतं, पण त्या घरात मी कधी खोटं बोललो नव्हतो.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मडमेचं पत्र मला कुणी वाचून दाखवलं?"

"मी."

"खाण्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"दिवसातून चार वेळा. पातळ दूध."

"तुला इंग्रजी समजतं?"

"हो."

"पेटीबरोबर खाणं पाठवलेलं होतं?"

"होतं. माझ्या थैलीत आहे."

"मग कोणत्या कायद्याखाली तू त्याला उपाशी ठेवलंस?" त्यांचा आवाज चढला होता. गडी आतून धावत आला. "माझ्यासाठी? मी सांगितलं होतं तुला? माझ्या नावावर त्या मुक्या जिवाचा प्राण घेणार होतास? आणि ते मेलं असतं म्हणजे मला काय, निष्ठावंत कुत्रं मिळालं असतं?"

मी मान खाली घालून उभा होतो. बोलणी खात होतो, आणि त्याच वेळी मनात कुठेतरी कळत होतं की कोर्टातला हा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघत होती.

काका एकाएकी थांबले आणि आत गेले. आत भांडी वाजल्याचा आवाज आला. काकू गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, पाणीसुद्धा बाहेर मागून घेत. बऱ्याच वेळानं ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक काळं पडलेलं बोंडलं होतं. त्यांची मुलगी तान्ही असताना तिला दूध पाजायचं ते. धोतराच्या सोग्यानं पुसत ते खाली जमिनीवर बसले, खुर्चीत नाही, आणि पिल्लाला म्हणाले, "ये रे. याचं काही ऐकू नकोस. हा बी.ए. आहे."

पिल्लू आलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कोट काढ."

"अं?"

"कोट इथे ठेवून जा. त्याला तुझा वास लागतो ना? मग कोट माझ्या मांडीवर राहील."

माझा तो एकच कोट होता. आठ-दहा दिवस मी शाळेत कोटाशिवाय गेलो. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा खरं कारण सांगायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी मी जाई, तेव्हा कोट काकांच्या मांडीवर, कोटावर पिल्लू आणि काकांच्या हातात बोंडलं. काका मला त्या दिवसाचा हिशोब ऐकवत: किती वेळा प्यायलं, कितीदा शिंकलं. चौथ्या की पाचव्या दिवशी ते माझ्याकडे धावत आलं नाही. मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झोपलं. माझ्या बाचा नियम खोटा ठरला होता. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. कोट परत मिळाला तेव्हा त्याच्या एका बाहीची शिवण चघळून उसवलेली होती. ती मी पुष्कळ दिवस तशीच ठेवली.

दसऱ्याच्या सुमाराला काका त्याला घेऊन नदीवर जाऊ लागले. एवढंसं कुत्रं पुढे आणि काका मागे, साखळी ताणून. लोक वाटेत थांबवून विचारत, आणि काका सांगत, "विमानातून आलंय. मला अजून बसायला मिळालं नाही."

त्या रात्रीच्या रागात काकांनी आणखी एक गोष्ट विचारली होती, ती सांगायची राहिली. "हा नियम तुझ्या वडिलांचा?" मी हो म्हणालो. "त्यांना म्हणावं, एकदा सवडीनं येऊन भेटा. दर वर्षी तूप घेऊन येतात आणि ओट्यावरून परत जातात."

दिवाळी झाल्यावर बा आला, नेहमीसारखा तुपाचं मडकं घेऊन. ओट्याच्या कडेला टेकला. काका बाहेर आले, आणि त्यांच्या पायांत कुत्रं. मी बाला विमानाची आणि कापूरहोळची हकीकत सांगितली. बा ऐकता ऐकता हसायला लागला.

"आरं, त्ये लेकरू व्हतं, तीन मुलकांवरनं आलेलं! त्याला कसला रिवाज? रिवाज एका दिसाचा आसतोय."

"तू कधी सांगितलं होतंस एका दिवसाचा म्हणून?"

"सांगाया कशाला पायजे? पायानं चाललं की कळतंय." मग तो कुत्र्याकडे बघत, अगदी सहज म्हणाला, "तुलाबी तसाच आनला व्हता न्हवं मी."

मला आधी कळलंच नाही. मग तो दिवस आठवला. मी अकरा वर्षांचा, पहाटे निघून डोंगर उतरून भोरला दिवेलागणीला पोचलो होतो. बाच्या पाठीला भाकरीचं गाठोडं होतं. मला त्याचा वास येत होता. मी दोनदा मागितली आणि बा म्हणाला होता, फुडं खा. नदीशी मी रडलो होतो. तिसऱ्यांदा मागितलीच नाही. बाच्या बाबतीत हा एक दिवस माझ्या मनात आयुष्यभर राहून गेला होता. इतका कोरडा का वागला, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि विसरलोही नव्हतो.

"गाठोड्यात भाकरी होती," मी म्हणालो.

"चार व्हत्या. तुज्या आयनं बांधल्या व्हत्या."

काका खुर्चीत पुढे सरकून बसले. "त्या दिवशी मी इथेच होतो," ते म्हणाले. "हा पडवीत बसून सारखा खात होता. ही तुम्हाला म्हणाली, अहो, एवढ्या लांबून आणलंत, पोराला वाटेत काही दिलं नाहीत? तुम्ही काही बोलला नाहीत. मान खाली घातलीत. तिला वाटलं, यांच्या घरात दाणाच नाही. रात्री मला म्हणाली, बिचाऱ्याला किती लाज वाटली असेल. म्हणून निघताना तिनं तुमच्याबरोबर तांदूळ दिले."

"दिलं व्हतं," बा म्हणाला. "घेतलं म्या."

"पण तुमच्याकडे भाकरी होती. बोलला का नाहीत?"

बानं मुंडाशाचा शेव नीट केला. कुत्रं त्याच्या पायाजवळ येऊन वास घेत होतं.

"काय बोलायचं वकीलसायेब? ह्यो आजपासनं तुमचा, आसं बोलायचं? म्होरं त्याला कळलं आस्तं तर? त्यापरीस दळिद्री दिसलो त्ये बरं."

मी काकांकडे पाहू शकलो नाही आणि बाकडेही नाही. एवढी वर्षं मी या घराचे उपकार मनात मोजत होतो. त्या मोजणीत माझा बा कुठेच नव्हता. तो तूप घेऊन येणारा आणि ओट्यावरून परत जाणारा माणूस होता. तो आत का येत नाही, याला मी मनातल्या मनात रीतभात, संकोच, जात, काय काय नावं दिली होती. आपली वस्तू ज्या घरात देऊन टाकली तिथे माणूस फार वेळ बसत नाही, हे मला सुचलं नव्हतं.

"त्या चार भाकरींचं काय केलंस?" मी विचारलं.

"परत न्हेल्या. तुज्या आयनं गाठोडं सोडलं, बगितलं, आन् बोलली न्हाई. मग कुत्र्याला घातल्या."

काकांनी घसा साफ केला. "आज आहे का काही गाठोड्यात?"

बानं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. "हाय की. वाटंला बांधून दिलंय. नाचणीची हाय."

"सोडा."

बानं गाठोडं सोडलं. दोन भाकरी, एक कांदा, मिरचीचा ठेचा. काकांनी हात पुढे केला. बा घुटमळला, एकदा उघड्या दाराकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मग भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. ठेवताना हात आधी मुंडाशाला पुसला. दुसरा तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला.

"घे. आता खा," तो म्हणाला.

मी खाल्ली. कुत्रं आमच्या तिघांच्या मध्ये उभं राहून ज्याच्या हातात तुकडा दिसेल त्याच्याकडे बघत होतं. बानं त्यालाही दिला, तळहात वगैरे न चोळता. त्यानं तो बाच्या हातून खाल्ला, मग काकांच्या हातून, मग माझ्या हातून.

"ह्ये तर समद्यांचं हाय," बा म्हणाला.

"आत चला," काका म्हणाले. "पाणी पिऊ."

बानं वहाणा काढल्या, ओट्याच्या कडेला एकावर एक ठेवल्या, आणि काकांच्या मागोमाग आत गेला. कुत्रं त्या वहाणांपाशी थांबलं, वास घेतला, मग तेही आत गेलं. मी गाठोडं बांधून त्यांच्या पाठोपाठ निघालो.